सोमाजी नाखव्याची नजर

वैशाख सरत आला की समुद्राचा निळा रंग उडतो. पाणी तापतं, तापून पिवळं पडतं, आणि त्या पिवळ्या, अनंतविस्तृत, निःशब्द पाण्यावर आकाश वाकून बसतं, ज्वर चढलेल्या लेकरापाशी आईनं बसावं तसं. पश्चिमेला मेघांची एक काळी किनार उमटते. सकाळी ती बोटभर असते, दुपारी वीतभर होते, आणि संध्याकाळी तिच्याकडे कुणी मान वळवत नाही. बघितलं की ती वाढते, असं खलाशी म्हणतात.

त्या काळ्या किनारीच्या पुढे पुढे, तप्त वाऱ्याच्या धक्क्यानं, एक गलबत पूर्वेला चाललं होतं. दर्याभवानी तिचं नाव. रुंद पोटाची, दोन डोलकाठ्यांची, संथगामिनी, भारवाहिनी. पोटात मस्कतचा खजूर, बदामाच्या गोणी, गुलाबपाण्याचे बुधले. शिडांवर आठ महिन्यांचं मीठ.

पेशवाईतले दिवस होते ते. किनाऱ्यावर किल्ले होते, किल्ल्यांवर तोफा होत्या, आणि त्या तोफांच्या तोंडाखालून तांदूळ-नारळ घेऊन अरबस्तानात जाणारी आणि खजूर घेऊन परतणारी अशी किती तरी गलबतं होती. तोफांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. खजुराचा कोण लिहिणार? म्हणून ही एका खेपेची गोष्ट.

गलबताच्या मागच्या अंगाला, सुकाणूपाशी, सोमाजी मोंडकर उभा असे. सगळे त्याला नाखवा म्हणत, कारण गलबत त्याच्या हुकमानं चाले. उंच, कृश, काळाकभिन्न, पांढऱ्या मिशांचा. तीस वर्षं तो या पाण्यावरून गेला आणि या पाण्यावरून आला. मस्कत, मोखा, बसरा ही त्याला शेजारची गावं होती. पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावी आणि खालचा तळ चिखलाचा की रेतीचा, ते सांगे. झोपेतसुद्धा वारा फिरला की कूस बदली. त्याच्या गावात, उंडीबंदरात, म्हण होती, की सोमाजी नाखव्याच्या गलबतावर पोरगा पाठवावा आणि आईनं खुशाल झोपावं.

पण तीस वर्षं सूर्य पाण्यावर नाचला होता, आणि तीस वर्षं सोमाजीनं त्या नाचाकडे बघितलं होतं. शुभ्र, तीक्ष्ण, लखलखत्या त्या किरणांनी त्याच्या डोळ्यांतलं काळं हळूहळू खाऊन टाकलं. आधी दूरचं शीड गेलं. मग तारे गेले. मग माणसांचे चेहरे गेले, आणि चेहऱ्यांच्या जागी आवाज उरले. या खेपेला निघताना त्याच्या डोळ्यांत नुसता उजेड होता आणि उजेडात हलणाऱ्या सावल्या होत्या.

हे एकटीला ठाऊक होतं. आवडीला, त्याच्या लेकीला.

आश्विनात, गलबत निघायच्या आदल्या दिवशी, ती त्याला वाढत होती. सोलकढीची वाटी तिनं सहज डावीकडून उजवीकडे सरकवली. म्हाताऱ्याचा हात डावीकडे गेला, रिकाम्या पानावर चाचपडला, आणि तिथंच थांबला. तिनं त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. डोळे हलले नाहीत.

"बाबानू, तुमका दिसणा नाय."

"दिसता. उजेड दिसता, सावली दिसता. गलबताक आणि काय व्हया?"

"माजो हात दिसता?"

त्यानं चाचपून वाटी शोधली आणि तोंडाला लावली.

"जाव नकात. भिकू तांडेलाक पाठवा. माजो घोव तुमच्या गलबतार आसा, बाबानू."

"ह्यो शेवटचो फेरो, बाय. एकच. सोमाजी नाखवो आंधळो झालो म्हणान उतरलो, असा लोक म्हणतले, ता माका सोसूचा नाय. परत इलंय की आपणच उतरतंय."

"मी ह्यांका सांगतंय."

तेव्हा तो जे बोलला ते बापानं लेकीला बोलू नये. "सांगशीत तर माजा मेलेला तोंड बघशीत."

आवडी रडली, आणि गप्प राहिली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पोटात नुकताच जीव रुजला होता, ते तिनं नवऱ्याला सांगितलं. बापाची गोष्ट सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण मोठ्या शहाणपणानं म्हणतो. त्या मुठीत वीस माणसांचे जीव असतील तर काय म्हणायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तर असा तो निघाला. आणि गेला, आणि पोचला, आणि परतायला लागला. कसा? तर धाकूच्या डोळ्यांनी. धाकू म्हणजे त्याचा जावई, आवडीचा नवरा, रुंद खांद्यांचा, लाजाळू, चटकन हसणारा. सोमाजी त्याची रोज परीक्षा घेई.

"धाकू, सांग बघू, ध्रुव कितको वर आसा?"

"डोलकाठीच्या टोकापासून दोन बोटां खाली, मामानू."

"बरोबर. पाण्याचो रंग?"

"शेवाळी."

"बरोबर."

खलाशी खो खो हसत. "धाकल्या, सासरो तुका नाखवो करूक बघता रे! अजून थोडो शिक, मगे आमका पण हुकूम सोड!" धाकू लाजे आणि मनातून फुलून जाई. त्या हसण्याच्या आडोशानं म्हातारा समुद्र ओलांडत होता. उत्तर मिळे, आणि त्या उत्तरावर तो सुकाणू फिरवी, आणि कुणाला शंकाही येत नसे. मला त्याचं कौतुक वाटतं, आणि रागही येतो.

सगळं विचारता येत होतं. एकच गोष्ट विचारता येत नव्हती.

अरबी समुद्र ओलांडून आपला किनारा जवळ आला की, जमीन दिसायच्या पुष्कळ आधी, पाण्यात साप दिसतात. पिवळसर, पट्ट्यापट्ट्यांचे, वेटोळं सोडून पाण्यावर स्वस्थ पडलेले, जिवंत. खोल समुद्रात ते नसतात. ते दिसले म्हणजे तळ वर आला, खडक जवळ आले, घर जवळ आलं. कोकणच्या खलाशाला एवढी खूण पुरे.

आणि या खुणेची एक रीत होती. साप दिसला की कुणी ओरडायचं नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही; मागाहूनसुद्धा नुसतं 'जनावर' म्हणायचं. ज्याला दिसला त्यानं हात जोडायचे, त्याला बघून शेजाऱ्यानं जोडायचे, आणि बघता बघता सगळं गलबत मुकं व्हायचं. ते भूमीचे दूत. त्यांच्यासमोर पहिला शब्द नाखव्याचा. नाखव्यानं मूठभर तांदूळ पाण्यात सोडायचे आणि म्हणायचं, "आयलो गे माये, तुज्या दारात." मग मोठं शीड खाली, मग पाण्याची खोली मोजायची, मग थांबायचं, आणि उजाडल्यावर सावकाश, चाचपत, किनाऱ्याला जायचं. नाखव्याच्या आधी जो बोलेल त्याला समुद्र ठेवून घेतो, अशी समजूत होती. मौनं सर्वार्थसाधनम्, असं शास्त्रीबुवा सांगतात. त्यांना गलबत हाकावं लागत नाही.

सोमाजीनं या गोष्टीचा विचार केला नव्हता, असं नाही. मस्कतहून निघाल्यापासून तोच विचार होता. साप दिसणार नाहीत, जोडलेले हात दिसणार नाहीत. पण गलबत गप्प होईल. गप्प झालं की आपण ओळखायचं. मुठीत तांदूळ घ्यायचे, पाण्यात सोडायचे. शांततेला तर डोळे लागत नाहीत! या हिशेबावर तो मनातल्या मनात खूशही झाला होता.

पण यंदा वारा घाईत होता. मागची काळी किनार रोज पुढे सरकत होती आणि गलबताला ढकलत होती. सोमाजीच्या अंदाजानं किनारा अजून दोन दिवसांवर होता. प्रत्यक्षात तो त्याच संध्याकाळवर येऊन ठेपला होता.

दिवस कलला. आकाश जांभळं झालं, जांभळ्याचं काळं होऊ लागलं, आणि मधल्या एका अरुंद, आरक्त फटीतून सूर्याचा शेवटचा प्रकाश पाण्यावर सांडला. खलाशी थट्टामस्करी करत होते. कोण घरी जाऊन आधी काय खाणार, त्यावर वाद चालला होता. धाकू म्हणत होता, आंबे संपले असतील, पण फणस नक्की असेल. सोमाजी ते ऐकत, सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन, सवयीच्या पावलांनी पुढच्या अंगाला निघाला. फळी न् फळी त्याच्या तळव्यांना पाठ होती.

कुणीतरी पाण्याची घागर नेहमीची जागा सोडून ठेवली होती.

त्याचा पाय घागरीला लागला. घागर घरंगळली, पाणी भळभळलं, आणि सोमाजी नाखवा दोन्ही हातांवर, गुडघ्यांवर, सगळ्यांसमोर पडला. आणि त्याच क्षणी गलबत गप्प झालं.

हसणं थांबलं. वाद थांबला. फणस अर्ध्यावर राहिला. एकदम, सुरीनं कापावं तसं.

वास्तविक कुणी त्याच्याकडे बघतच नव्हतं. घागर घरंगळली त्याच वेळी पुढच्या अंगाला उभ्या असलेल्या एका खलाशाला पाण्यावर पहिला साप दिसला होता. मग दुसरा, मग तिसरा. पीतवर्ण, मंदगती, संध्येच्या रक्तिम पाण्यावर त्यांची लांबच लांब शरीरं लवत होती. वीस माणसं काठाला येऊन, पाठमोरी, हात जोडून उभी होती. घराच्या आठवणीनं कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकूच्याही होतं.

पण म्हातारा ओल्या फळ्यांवर ओणवा पडला होता, आणि त्याच्या कानांत ती शांतता भरत होती. त्याला वाटलं, कळलं. सगळ्यांना कळलं. आंधळा आहे हे कळलं. तीस वर्षांचं नाव एका घागरीनं घालवलं. ही शांतता त्याच्याकडे टक लावून बघते आहे असं त्याला वाटलं.

विचारायचं कुणाला? "काय झाला रे?" एवढे तीन शब्द. त्यानं ते विचारले असते, तर ही गोष्टच झाली नसती. पण ज्याला लाज वाटते तो विचारत नाही, तो ओरडतो. सोमाजी उठला, मिशांवरचं पाणी पुसलं, आणि गरजला.

"कित्या उभे रवलास, मेल्यांनू? सगळी शिडां चढवा! एक पण खाली नको! सरळ चला!"

वीस मानांनी वळून बघितलं. नाखव्याचा शब्द पडला होता, म्हणजे मौन सुटलं होतं. पण हा शब्द तो नव्हता. तांदूळ नाहीत, माया नाही, थांबणं नाही. भिकू तांडेल, सगळ्यांत जुना खलाशी, त्यानं एकदा नाखव्याच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदा मागच्या मेघाकडे. मेघ आता अर्ध्या आकाशावर आला होता. मग त्यानं मान हलवली. बरोबर आहे, नाखव्याला वादळाच्या आधी खाडीत शिरायचंय. रीत नंतर. सोमाजी नाखव्याला कोण शिकवणार? "हां, ओढा रे!" भिकू म्हणाला, आणि शिडं चढली.

धाकूच्या हातात दोर होता. म्हाताऱ्याच्या कमरेची तांदळाची पुरचुंडी तशीच बांधलेली त्याला दिसली. रोजच्या परीक्षा त्याला आठवल्या. त्यानं तोंड उघडलं. मग त्याच्या मनात आलं, जावयानं सासऱ्याला चारचौघांत विचारायचं नसतं. त्यानं तोंड मिटलं. आवडी गप्प, धाकू गप्प, सगळे गप्प, आणि सगळे मायेपोटी.

दर्याभवानी धावली. पूर्णपटा, उन्मत्ता, फेनमालिनी ती धावली. मागून वारा, वाऱ्यामागून काळोख. सूर्याची फट मिटली आणि दिवस असतानाच रात्र झाली. उंडीबंदराच्या खाडीबाहेर सुळ्यांचे खडक आहेत, भरतीत हातभर पाण्याखाली दडणारे. त्यांच्यावर पाणी फुटत होतं, पण वारा पाठीमागून होता आणि तो आवाज पुढेच घेऊन जात होता. सोमाजीचे ते विलक्षण कान सुकाणूपाशी जागे होते, आणि त्यांना काही ऐकू आलं नाही.

आघात झाला तो पायांखाली. आधी एक लांब कण्हणं, मग लाकूड फाटल्याचा आवाज. पुढची डोलकाठी शिडासकट कोसळली. खडकांनी गलबताचं पोट फाडलं, आणि पुढचा भाग पाण्यात कलून मागचा वर अडकला. माणसं घसरली, आपटली, दोरांना लोंबकळली. काळोखात खजुराचा गोड, उबट वास सुटला.

धाकू चढत चढत सुकाणूपाशी आला. म्हातारा तिथंच होता.

"मामानू, जनावरां बघूनसुद्धा शिडां चढवलात?"

"खंयची जनावरां?"

लाट आली, फुटली, गेली.

"आमी सगळे हात जोडून उभे होतो, मामानू. तुमच्या म्होरे."

ती शांतता कशाची होती ते सोमाजीला आत्ता कळलं. त्यानं धाकूचा दंड घट्ट धरला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, आयुष्यात पहिल्यांदा, तो ओरडून म्हणाला, "माका दिसणा नाय! वरीस झाला. माका काय एक दिसणा नाय!"

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. खालून, दोराला धरलेल्या भिकू तांडेलाचा आवाज आला, थकलेला, जवळजवळ समजूत घातल्यासारखा.

"विचारूचा होता, नाखव्यानू. आमी सांगला असता."

म्हाताऱ्यानं डोकं फळीवर टेकलं. क्षणभरच. गलबत खालून सुटत चाललं होतं आणि रडायला वेळ नव्हता. काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. खडकांभोवती पाणी चहूबाजूंनी उसळत होतं, वारा भोवऱ्यात फिरत होता, आणि उडी मारणाऱ्याला किनारा कुठं आणि अथांग समुद्र कुठं ते कळणार नव्हतं. डोळे असलेली वीस माणसं आता त्याच्याइतकीच आंधळी होती.

पण आंधळेपणाची सवय एकट्यालाच होती. तो अनवाणी तळवे फळीला लावून उभा राहिला. वरच्या लाटा लहान, धटिंगण, खोटारड्या. त्या वाटेल तिकडून येतात. त्यांच्याखाली एक मोठी, मंद, दीर्घश्वासिनी लाट असते. ती फसवत नाही. ती किनाऱ्यालाच जाते. सोमाजीनं तिची वाट बघितली. ती आली, गलबताचा सांगाडा उचलून गेली. पुन्हा आली. तिची दिशा त्यानं पायांनी वाचली आणि हात लांब केला.

"ह्या अंगाक जमीन. एकेकान उडी मारा. आणि माज्या आवाजाक पाठ करा! मी हयसून हाक मारत रवतंय. हाक पाठीमागे रवात, तोवर तुमी सरळ. कानात इली तर वळा. समजला?"

समजलं. एकेक माणूस त्याच्या हाताला स्पर्श करून, तो हात जिकडे होता तिकडे, पाण्यात पडला. भिकूनं म्हाताऱ्याचं बोट क्षणभर दाबलं आणि उडी घेतली.

धाकू शेवटी उरला.

"चला, मामानू. माज्या खांद्यार हात ठेवा."

"खुळो काय रे तू? मी तुज्यावांगडा इलंय, तर हाक कोण मारतलो?"

"आवडीक मी काय सांगू?"

"सांग, बापूस खोटा बोललो." मग त्यानं जावयाला ढकललं. पाण्याचा आवाज झाला, आणि मागोमाग हाक उठली.

"हयसर आसंय! पाठ करा! पाठ करा!"

धाकू पोहला. तोंडात खारट पाणी, नाकात खजुराचा वास, अंगाला घासणारी लाकडं. कितीदा तरी तो भरकटला, आणि कितीदा तरी ती हाक त्याच्या उजव्या कानात शिरली, डाव्या कानात शिरली, आणि तो वळला. ती खर्जातली, फाटकी, अविश्रांत हाक त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला ढकलत होती. आणि मग त्याच्या गुडघ्यांना वाळू लागली.

किनाऱ्यावर झावळ्यांच्या चुडी पेटल्या होत्या. वाऱ्यानं हाक आधीच गावात पोचवली होती, आणि सारं उंडीबंदर वाळूत उतरलं होतं. पाण्यातून माणसं रांगत येत होती. बायका त्यांना ओढून घेत होत्या, नावं घेत होत्या, तोंडं चाचपत होत्या. भिकू आला. त्याच्यामागून बाकीचे आले. एकही कमी नव्हता.

आवडी जड पोटानं धावत आली. तिनं धाकूला धरलं, ओल्या छातीवर डोकं ठेवलं, आणि लगेच उचललं.

"बाबा?"

धाकूनं काळोखाकडे बोट केलं. बोलायची गरज नव्हती. तिकडून आवाज येतच होता. "पाठ करा! हयसर आसंय! पाठ करा!"

"पोचले, बाबानू!" आवडी किंचाळली. "सगळे पोचले!"

वारा समोरून होता. त्यानं ते शब्द तिच्या ओठांवरून उचलले आणि मागे माडांत भिरकावले. धाकू ओरडला. भिकू ओरडला. मग सारं गाव, बायका, पोरं, म्हातारे, एका तोंडानं ओरडलं, की पोचले, पोचले, पोचले. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला समुद्राकडे जाणारा शब्द कसा कळावा? म्हाताऱ्याचं प्रत्येक अक्षर किनाऱ्याला पोचत होतं. किनाऱ्याचं एकही त्याला पोचत नव्हतं.

आवडी गुडघाभर पाण्यात शिरली. धाकूनं तिला मागून धरलं. भरती चढत होती.

"पाठ करा!"

कुणीही पाठ केली नाही. सारं गाव त्या आवाजाकडे तोंड करून उभं होतं. हाक आली. थोडी थांबली. आली. जास्त थांबली. प्रत्येक लाट वाळूवर पसरताना बायका श्वास धरत, आणि लाट ओसरली की हाक येई, आधीपेक्षा खालून, आधीपेक्षा ओली. मग एक लाट पसरली, ओसरली, आणि तिच्यामागून दुसरी आली, आणि दुसरीमागून तिसरी, आणि वारा वाहत राहिला, नुसता वारा.